नाताळच्या आत चार खुंट्या

७ ऑक्टोबर, सोमवार

आज सकाळी गिटारीचं डोकं कापलं.

बारीक दातांची करवत घेतली, दोन क्लॅम्प आवळले आणि एका दमात कापून टाकलं. माझी बायको दारी हातात चहाचा पेला घेऊन उंबऱ्यात उभी होती. "अठ्ठावीस वर्षं वाजवलीस. कापण्याआधी एक रात्र तरी थांबायचंस," म्हणाली. थांबून काय करायचं होतं? जुलैत छपरावरून पडल्यापासून मी थांबलेलाच आहे.

डावा खांदा आता छातीच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरने सांगून टाकलंय. डोक्यालाही डावीकडे लागलं होतं, कानातून जरा रक्तही आलं, पण ते दोन दिवसांत थांबलं. खांदा तेवढा राहिला. कोपर दुमडतो. बेस गिटारीच्या मानेवर पहिल्या घरापर्यंत हात कसाबसा पोचतो, त्यापुढे डोक्यावरच्या खुंट्यांपर्यंत मात्र नाही.

आणि मला खुंट्या लागतात, त्याही वाजवता वाजवता. आमच्या चर्चमध्ये गाणं एका सुरावर सुरू होतं आणि दुसऱ्यावर संपतं. चौथ्या-पाचव्या कडव्याला मंडळी तापतात, ढोल जोर धरतो आणि अख्खं चर्च अर्धी पायरी वर सरकतं. तेव्हा मी तारा पिळून त्यांच्याबरोबर वर जातो. हे अख्ख्या वेंगात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, दुसऱ्या कुणाला जमत नाही. गाण्याआधीचा डो, म्हणजे पहिला आधारसूर, तोसुद्धा मीच देतो. मी तोंडाने डो धरायचा, मग कॉयरने आपापला सूर त्यावरून मोजून घ्यायचा. बापाने दिला, मग मी दिला.

शुक्रवारी उपा वानथांगा घरी आले होते. चर्चच्या वडीलधाऱ्यांपैकी हेच सगळ्यांत गोड बोलतात, म्हणून अशा कामांना यांनाच पाठवतात. चहा घेतला, सुपारी खाल्ली, खांद्याची चौकशी केली आणि मग आदराचं 'पु' लावून म्हणाले, "पु छुआना, तुम्ही आता आराम करा. बेसचं काम कॉयरची रेमी कीबोर्डवर डाव्या हाताने सांभाळेल म्हणते. आणि डोसुद्धा... हळूहळू तरुणांना सवय झालेली बरी."

मी म्हटलं, "नाताळच्या उपासनेला मी नवी गिटार घेऊन उभा राहीन. त्या दिवशी नाही जमलं तर मी स्वतः जाऊन पाठीमागच्या बाकावर बसेन."

ते बरं म्हणाले. म्हणून डोकं कापलं. खुंट्या आता खाली, उजव्या हाताशी येणार. त्या कुठल्या, हे अजून ठरलेलं नाही. दारां-खिडक्यांच्या मापांची वही उलटी करून हे लिहितोय, म्हणजे काय काय केलं ते ध्यानात राहील.

१२ ऑक्टोबर, शनिवार

आधी घरचंच वापरून पाहावं म्हणून कापलेल्या डोक्यावरच्या चारही खुंट्या काढल्या आणि गिटारीच्या बुडाला उलट्या बसवल्या. मानेच्या कापल्या टोकाला एक पितळी पट्टी ठोकली, तारांची टोकं तिच्याखाली स्क्रूने दाबून धरली. वाजली! दिसायला मात्र शेपटीला कान फुटल्यासारखी दिसते.

लियानखुमा पाहायला आला. हा आमच्या गल्लीच्या खालच्या वळणावरचा लोहार. दाव म्हणजे लांब कोयते करतो, बंदुकांचे सुटे भाग करतो आणि चर्चमध्ये ढोल वाजवतो. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो आणि एकाच मास्तरांचा मार खाल्ला.

"हे काय, बिनडोक्याची गिटार?" म्हणाला. "चांगलं आहे. वाजवणाऱ्याला शोभेल."

"तुझा ढोल तरी कुठे डोकं घेऊन आलाय?"

"ढोलाला डो द्यायचा नसतो बाबा."

हे म्हणून तो खुंटी फिरवून पाहत बसला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

एक फायदा मी आधी धरलाच नव्हता. पूर्वी डावा हात वर खुंटीवर असायचा, म्हणून नादकाटा उजव्या हाताने उजव्या कानाशी धरावा लागे. आता उजवा हात खाली खुंटीवर असतो आणि डावा मोकळा. कोपर दुमडून नादकाटा आरामात डाव्या कानाशी धरता येतो. खांद्याला काही त्रास नाही. काटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी न्यायचा, तार जुळवायची. दोन मिनिटांत चारही तारा लागल्या. डोकं कापल्याचं सार्थक झालं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सरावाला नवी गिटार घेऊन गेलो. रेमीने कीबोर्ड आज माझ्या उजवीकडे मांडला होता. इतकी वर्षं तो डावीकडे असतो. विचारलं तर म्हणाली, "पु, तिकडचा प्लग सैल झालाय." मी सुतार, प्लगमधलं मला काय कळतं?

ही रेमी, म्हणजे रेमरुआतपुई, शिलाँगला तीन वर्षं संगीत शिकून आलेली, कॉयरची नवी मुख्य. पोरगी हुशार आहे, पण मशिनीवर फार विसंबते. कीबोर्डवर एक बटण दाबलं की गाणं वर, एक दाबलं की खाली. पण भर कडव्यात मंडळी वर सरकली की ते बटण दाबायला सवड नसते, हिची बोटं तिथल्या तिथे. मागच्या महिन्यात म्हणत होती की मंडळींनाच सूर धरून ठेवायला शिकवलं पाहिजे. नाचता येईना अंगण वाकडं!

मी डो दिला. मग पहिला ठोका धरला आणि कसंतरीच झालं. माझ्या तारा चढलेल्या. घरून निघताना काट्याला बरोबर जुळवलेल्या, आणि चर्चला पोचेपर्यंत चढल्या! चारही. रेमी फक्त माझ्या उजव्या बाजूला सरकून हळूच सूर गुणगुणत राहिली. मला डो देते! मला!

खुंट्या खाली उतरवून सराव पुरा केला. जुन्या खुंट्यांचं हेच, चालताना पोटाला घासतात आणि फिरतात. या बाद.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मुआनाने बंगळुरूहून पाठवलेला संच आज पोचला. पोरगा आयटीत आहे, पण बापाला काय हवं ते बरोबर शोधतो. काळा, आखीव, एका पट्टीवर चार सरकते ठोकळे. तारेचं बोंड ठोकळ्यात बसतं आणि मागची गोल चावी फिरवली की ठोकळा मागे ओढला जाऊन तार ताणली जाते. टोकाच्या बाजूलाही नीट क्लॅम्प आहे. पटाशीने खाच करून दिवसभरात बसवला.

दिसायला देखणा आहे. जाड तारेची चावी मात्र बोटांनी हलेना. पक्कड लावली तेव्हा फिरली. भर उपासनेत मी पक्कड घेऊन उभा राहू?

दारी मला मुआनाचा बाप म्हणूनच हाक मारते; जेवताना म्हणाली, "मुआना पा, पोराला फोन करून कळव तरी, मिळालं म्हणून." केला. फोन तिनेच लावून माझ्या उजव्या हातात दिला. हल्ली ती ताटही माझ्या उजव्या बाजूला मांडते आणि तिथेच बसते. चुलीजवळ ऊब असते, म्हणते. बाईमाणसाला थंडी जास्त.

३० ऑक्टोबर, बुधवार

चाव्यांच्या आट्यांना ग्रीस लावलं. थोडं हलकं झालं, पुरेसं नाही. घरी काट्याला लावून सरावाला गेलो.

पुन्हा चढल्या.

या वेळी खुंट्या पोटाला घासायचा प्रश्नच नव्हता, चाव्या मागे खोबणीत आहेत. परत येताना विचार केला. आमचं घर डोंगराच्या उन्हाच्या बाजूला आणि चर्च सावलीच्या. खाली उतरताना गार वारा असतो. काळा धातू गारठ्याने आकसत असणार, आकसला की तार ओढणार. त्याशिवाय दुसरं काही असूच शकत नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

लियानखुमाकडे जाऊन बसलो. भात्याशेजारी बरं वाटतं. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बराच वेळ एका दावाला धार लावत राहिला.

"छुआना," शेवटी म्हणाला, "तार सुटते. सैल होते. माझ्या ढोलाची वादीसुद्धा सैल होते. पण आपोआप ताणली गेलेली तार मी जन्मात पाहिली नाही."

"थंडीने ताणली जाते."

"चर्च काय बर्फाच्या पेटीत आहे?"

"मग तू सांग कशाने."

त्याने दाव खाली ठेवला. मग हात झटकून म्हणाला, "पितळेच्या करून देतो. माझ्या हाताच्या. थंडीत आकसणार नाहीत आणि तुला पक्कडही लागणार नाही. मग बघू."

असा माणूस पाहिजे. बोलणं कमी, काम जास्त.

१० नोव्हेंबर, रविवार

रविवार, हत्यारांना हात नाही. उपासनेला जुनीच रीत, काळा संच आणि खिशात पक्कड. डो दिला. कॉयरने किंचित खालून उचलला. हल्लीची पोरं आळशी, वर जायचं म्हटलं की जिवावर येतं. आणि लियानखुमाने आज डो संपायच्या आतच ढोलावर थाप मारली. नंतर विचारलं तर म्हणाला, हात निसटला. चाळीस वर्षांत त्याचा हात निसटला नव्हता. म्हातारा झाला बिचारा.

उपा वानथांगा बाहेर भेटले. "कसं चाललंय?" म्हणून विचारलं, पण उत्तराची वाट न पाहता दुसऱ्यांशी बोलायला वळले. मनाला लागलं. नाताळ दीड महिन्यावर आलाय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवस रोज लोहारशाळेत आहे. लियानखुमाने पितळेचे चार ठोकळे कापले, लेथवर गोल चाव्या केल्या. आटे इतके बारीक पाडलेत की बंदुकीच्या स्क्रूचे असतात तसे. तरी जाड तारेची चावी भाराखाली जड जात होती. मी म्हटलं, चावी आणि ठोकळा एकमेकांवर घासतात, मधे काहीतरी फिरतं हवं. त्याने भंगारातली स्कूटर ओढली, तिच्या हँडलमधले छर्रे काढले, दोन वॉशरच्या मधे बसवले आणि चावीमागे सरकवले.

दोन बोटांनी फिरली. लोण्यासारखी. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून पोरांसारखे हसलो.

"ही जर चढली," लियानखुमा म्हणाला, "तर मी लोहारकी सोडतो."

"आणि नाही चढली तर?"

"तर..." म्हणाला, आणि सुपारी शोधायला लागला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पितळी संच बसवला. मागच्या खाचेत थोडा फरक पडला तो सागवानाची चीप घालून भरून काढला. या चार चाव्यांइतकी चांगली गोष्ट माझ्या हाताला कधी लागली नव्हती. लावताना भराभर फिरतात, सोडल्या की जागच्या हलत नाहीत.

लियानखुमाने प्रत्येक चावीवर आणि शेजारच्या ठोकळ्यावर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली. चावी केसभर जरी फिरली तरी रेघ तुटलेली दिसेल. "आता पुरावाच," म्हणाला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

रेघा जुळलेल्या. चारही. दिव्याखाली धरून मी पाहिल्या, भिंग लावून पाहिल्या.

आणि तारा चढलेल्या.

सराव अर्ध्यात सोडून आलो. आजवर कधी असं केलं नव्हतं. रेमी दारापर्यंत आली. "पु, गिटार चांगली झालीय. खरंच. तुम्ही फक्त..." म्हणाली आणि अडली. "मी फक्त काय?" म्हणून ओरडलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मुलाच्या वयाची पोर, तिच्यावर ओरडलो. शरम वाटते.

पण मागच्या बाकावर बसणार नाही. तारांतच काही दोष असेल तर तारा बदलीन. मानेत असेल तर नवी मान करीन. चोवीस दिवस आहेत, रविवार वगळून.

५ डिसेंबर, गुरुवार

नव्या तारा. तेच.

९ डिसेंबर, सोमवार

मानेतली लोखंडी सळई आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. तेच. दारी म्हणते, माझी झोप उडालीय आणि तिचीही. डुकराचं धुरावलेलं मांस घालून 'बाई' नावाची पालेभाजी केली होती, माझी सगळ्यांत आवडती, ती तशीच उरली. "तू खाल्लं नाहीस तर खांदा बरा व्हायचा नाही," म्हणाली. मग थोड्या वेळाने हळूच, "आणि बाकीचंही." बाकीचं काय, विचारलं. "काही नाही," म्हणाली.

१२ डिसेंबर, गुरुवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी बाराव्या घरावर तार दाबून सूर तपासायचा होता. डावा हात मानेवर, उजवा चावीवर. नादकाटा धरायला तिसरा हात कुठून आणू? म्हणून काटा आपटून त्याची दांडी दातांत धरली. लहानपणी मास्तर असंच करायचे.

डोक्यात दोन सूर वाजले.

वाटलं काटा कशाला तरी लागतोय. काढला, पुसला, पुन्हा आपटून दातांत धरला. पुन्हा दोन. उजवीकडे एक, आणि डावीकडे त्याच्याहून जरा वरचा. एका काट्यातून दोन सूर निघत नाहीत. हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून ठाऊक आहे.

मग काटा उजव्या हातात घेऊन उजव्या कानाशी धरला. मग डाव्या. मग उजव्या. किती वेळ ते करत होतो, माहीत नाही. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

डाव्या कानात बोट घालून पितळी चाव्या सैल केल्या आणि तारा उजव्या कानाने लावल्या. चर्चपर्यंत चालत गेलो, बंद दाराशी उभा राहिलो, परत आलो. जशाच्या तशा. दुपारी काळा संच बसवून पाहिला. जशाच्या तशा. संध्याकाळी त्या जुन्या शेपटीवाल्या खुंट्याही. त्याही बिचाऱ्या कुठे हलल्या नव्हत्या.

कुठलीच खुंटी कधी सरकली नव्हती. सरकलो होतो मी.

१३ डिसेंबर, शुक्रवार

लोहारशाळेत गेलो आणि दारातूनच विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

त्याने हातोडा खाली ठेवला. "ऑगस्टपासून."

"आणखी कुणाला?"

"कुणाला नाही ते विचार."

अख्ख्या कॉयरला. उपांना. दारीला. पोर कीबोर्ड उचलून उजवीकडे नेते, बायको ताट उजवीकडे मांडते, मित्र माझा डो बुडवायला ढोल बडवतो, आणि मी इथे या वहीत त्यांना आळशी आणि म्हातारे म्हणून लिहितोय. मागची पानं वाचली. फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाहीत.

"बोलला का नाहीस?" मी म्हटलं. आवाज चढला माझा. "चाळीस वर्षांचा मित्र ना तू? महिनाभर माझ्याबरोबर पितळ कापत बसलास, छर्रे बसवलेस, रेघा ओढल्यास! वेड्यात काढलंस मला!"

"आधी वाटलं, सूज उतरली की जाईल," लियानखुमा म्हणाला. "मग वाटलं, तुझं तुलाच कळेल. ज्याने जन्मभर डो दिला त्याला, तुझा डो चुकतो, असं कुणी तोंडावर सांगायचं? मला नाही जमलं. रेघ ओढली, म्हटलं रेघ सांगेल. तर तू मानच सोलायला निघालास."

"मग खुंट्या कशाला केल्यास?"

"तुला हव्या होत्या म्हणून." मग नाक पुसत म्हणाला, "आणि कान गेला तरी खुंट्या तरी चांगल्या असाव्यात माणसाकडे."

मी रडलो. तोही. मग त्याने चहा टाकला.

१६ डिसेंबर, सोमवार

दारीबरोबर मोठ्या इस्पितळात जाऊन आलो. डॉक्टरणीने दोन्ही कानांत नळ्या घालून तासभर तपासलं. पडताना आतल्या भागाला मार बसलाय, म्हणाली. डावा कान ऐकतो, पण वरचं ऐकतो. सुधारेल का, विचारलं. म्हणाली, सहा महिन्यांत थोडंफार सुधारतं, कधी नाहीही. खोटं बोलली नाही, बरं वाटलं.

परतताना टॅक्सीत दारी उजवीकडे बसली. "तू आता कुठेही बस," म्हटलं. "मला इथेच सवय झाली," म्हणाली.

१८ डिसेंबर, बुधवार

सरावाला गेलो नाही. दिवसभर रंध्याने एक दार केलं. हात काम करतात आणि डोकं दुसरीकडे असतं.

उपांना दिलेला शब्द आठवतो. नाही जमलं तर मागच्या बाकावर. गिटार जमली. डो नाही जमणार. उजव्या कानाने तारा लावता येतील, पण माझा डो गळ्यातून येतो आणि गळा दोन्ही कानांचं ऐकतो. बापाने मरताना माझ्याकडे पैसे सोपवले नाहीत, जमीन सोपवली नाही. डो सोपवला. तो मी कसा सोडू, हा प्रश्न कागदावर लिहिला की सोपा होईल वाटलं होतं. होत नाही.

पण एक स्पष्ट आहे. चुकीचा डो देऊन अख्ख्या चर्चला माझ्या चुकीवर पांघरूण घालायला लावायचं, हे बापाला आवडलं नसतं. मला तर मुळीच आवडत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

रेमीच्या घरी गेलो. तिची आई चहा करायला आत गेली. मी म्हटलं, "प्लग बरा झाला का?"

ती लाल झाली. "पु, मला माफ करा. मला सांगायचं होतं..."

"मी तुझ्यावर ओरडलो, माफी मी मागायची." हे बोलायला जेवढं जड जाईल वाटलं होतं तेवढं गेलं नाही. "आता कामाचं बोल. नाताळला कीबोर्ड कुठे ठेवणार?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"उजवीकडेच ठेव. आणि मंडळी चढायला लागली की मला बोटाने खूण कर. माझा एक कान मला खोटं सांगतो, दुसरा एकटा पडतो. तुझे दोन धड आहेत."

"पण पु, कीबोर्ड मधेच नाही चढत."

"माझ्या खुंट्या चढतात," मी म्हटलं.

२५ डिसेंबर, बुधवार

सकाळची उपासना. चर्च पायऱ्यांपर्यंत भरलेलं. डाव्या कानात दारीने कापूस घालून दिला होता, वरून केस ओढले. खांद्याला पट्टा, पट्ट्याला बिनडोक्याची गिटार, उजव्या हाताखाली चार पितळी चाव्या. पोरं वळून वळून पाहत होती.

उपा वानथांगांनी गाण्याचा आकडा सांगितला. सगळे थांबले. कॉयर माझ्याकडे पाहत होतं, सवयीने. लियानखुमाने ढोलावर हात उचलून धरला होता. मला कळलं, मी तोंड उघडलं की हा पुन्हा थाप मारणार आणि मला झाकणार.

मी रेमीकडे वळलो. "तू दे," म्हटलं.

तिने मान हलवली, नाही म्हणून. 

"दे गं. मंडळी उभी आहेत."

तिने दिला. कोवळा, सरळ डो, बोटभरही न हलणारा. मला तो अर्ध्या डोक्यानेच ऐकू आला, पण तेवढा पुरला. दोन चाव्या किंचित फिरवल्या. लियानखुमाची थाप पडली, ती बरोबर डो पुरा झाल्यावर.

पाच कडव्यांचं गाणं. तिसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही तिघं एकत्र होतो. चौथ्याला ढोल तापला, मागची माणसं बाकांवरून उठली, बायका डोलायला लागल्या, आणि मला पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं. खात्री मात्र नव्हती. पूर्वी कधी विचारावं लागलं नव्हतं. उजवीकडे पाहिलं. रेमीने कीबोर्डवरून हात उचलले होते आणि एक बोट वर केलं होतं. मग अजून थोडं वर.

जाड तार, मग दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक चावी दोन बोटांनी, दोन ठोक्यांच्या मधे. कीबोर्ड गप्प. ढोल आणि बेस, एवढ्यावर अख्खं चर्च वर गेलं आणि पाचवं कडवं दोनदा झालं. लियानखुमा रडत ढोल बडवत होता, निर्लज्जासारखा. दारी दुसऱ्या रांगेत होती, तिच्याकडे मी मुद्दामच पाहिलं नाही.

गाणं संपल्यावर उपांनी दुसरा आकडा सांगितला. रेमीने खाली वाकून हळूच विचारलं, "पु, याचा डो तुम्ही देणार?"

"नाही," म्हटलं. "तू दे. मी लावून घेतो."